तयार सांच्याच्या पोटांत काय असतें?

शाळेंत अक्षर वळविण्यासाठीं मुलांना कित्ता देत असत. वरची ओळ सुरेख छापलेली. खालच्या ओळी मुलांनीं गिरवावयाच्या. कित्त्यामुळें हाताला वळण लागे यांत शंका नाहीं. परंतु कित्ता लिहिणाराचा एखादा दोष असला तर तोहि साऱ्या वर्गाच्या हातांत उतरे. संगणकावर काम करणाऱ्या तरुणांत आज असाच एक कित्ता प्रचारांत आहे. ते त्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात, ‘बॉयलरप्लेट’हि म्हणतात, मराठींत ‘सांचा’ हा शब्द त्यास पुरेसा आहे. पायथन नांवाच्या भाषेंत वेब ॲप लिहावयाचें आणि तें क्लाऊडवर, म्हणजे भाड्यानें घेतलेल्या दूरच्या संगणकांवर ठेवावयाचें, अशा कामासाठीं आरंभींचा जो तयार सांचा मिळतो, त्याचा येथें विचार करावयाचा आहे.

घरोघरीं आज हातांतल्या फोनवरून गॅसचें सिलिंडर नोंदवितात, आगगाडीचें तिकीट काढतात, विजेचें बिल भरतात. वर्तमानपत्राचें पान सर्व वाचकांस एकच दिसतें. या पानांचें तसें नाहीं. विचारणारा कोण आणि त्यानें काय विचारलें, हें पाहून दर वेळीं उत्तरादाखल नवें पान तयार होतें. तें तयार करणारा जो प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर अहोरात्र चालूं असतो, तोच वेब ॲप. तो अनेक भाषांत लिहितां येतो. परंतु पायथन वाचावयास सोपी, म्हणून नवशिक्यांचा ओढा तिच्याकडे अधिक. गीडो व्हान रोस्सुम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली.

एक कल्पित उदाहरण घेतलें म्हणजे पुढचा विषय सुलभ होईल. नागपूर-अमरावती रस्त्यावर, तिवसा तालुक्यांत, मोझरी हें गांव आहे. तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं महाराजांचें देहावसान झालें, आणि तेव्हांपासून पुण्यतिथीच्या दिवसांत दूरदूरच्या गांवांहून येथें लोकांची रीघ लागते. एरवीं शांत असणाऱ्या गांवांत त्या दिवसांत पाठ टेकावयास जागा मिळणें कठीण. समजा, अमरावतीस कॉलेजांत शिकणाऱ्या गांवांतीलच एका मुलीनें मनांत घेतलें कीं, ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी आहे त्यांनीं ती कळवावी, येणाऱ्यांनीं ती फोनवरून राखून ठेवावी, आणि एकच खोली दोघांना दिली जाऊं नये. एवढेंच तिचें ॲप. हातीं वेळ तीन आठवड्यांचा.

ती कोऱ्या पानापासून लिहूं लागली तर पहिले दोन आठवडे खोल्यांचा विषयच निघणार नाहीं. आधीं माणसाची ओळख पटविण्याची सोय हवी. पासवर्ड कोणास वाचतां येणार नाहीं अशा रूपांत सांठविला पाहिजे. फॉर्म, त्यांतील चुकांचे निरोप, डेटाबेसशीं जोडणी, चुकीच्या पत्त्यावर आलेल्यास दाखवावयाचें पान, आणि शेवटीं भाड्याच्या संगणकाला ‘हा प्रोग्रॅम असा चालीव’ हें सांगणारी फाइल. हीं कामें धर्मशाळेच्या ॲपांत जशीं, तशींच संत्र्यांच्या आडतीच्या ॲपांत आणि तशींच ग्रंथालयाच्या ॲपांत. तीं पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा आलेल्या लोकांनीं एकदांच नीट लिहून ठेविलीं आणि इतरांस खुलीं केलीं. सांच्याचा उगम हा एवढाच.

‘बॉयलरप्लेट’ हा शब्दहि मनोरंजक आहे. अमेरिकेंत गेल्याच्या आधींच्या शतकांत लहान गांवच्या वर्तमानपत्रांना तयार मजकुराचे धातूचे पत्रे पुरवीत; संपादकानें ते यंत्रावर चढवावयाचे कीं पान भरलें. त्या पत्र्यांना हें नांव पडलें होतें. योगायोग असा कीं, पायथनमधील ‘जँगो’ ही सुप्रसिद्ध चौकटसुद्धां कॅन्ससमधील लॉरेन्स येथील एका वर्तमानपत्राच्या कचेरींतच जन्मली. बातमीची घाई होती, संपादकांना उद्यां नव्हे तर आजच पान हवें असे, म्हणून एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनीं वारंवार लागणारे भाग एकत्र बांधले. २००५ च्या जुलैंत तें सर्वांसाठीं खुलें झालें. जँगोला एक आज्ञा दिली कीं नव्या कामाचा फोल्डर आंतल्या फाइलींसह उभा राहतो. तोहि सांचाच. त्याहून बारीक अंगाची ‘फ्लास्क’ ही चौकट आर्मिन रोनाखर यांनीं २०१० सालीं दिली. प्रश्न विचारून त्या उत्तरांप्रमाणें सांचा भरून देणारें ‘कुकीकटर’ हें साधन २०१३ सालचें.

सर्व सांचे सर्व ठिकाणीं चालतात, याचें श्रेय एका नीरस वाटणाऱ्या कराराला आहे. वऱ्हाडांतील वृद्धांना शकुंतला रेल्वे आठवत असेल. यवतमाळहून आणि अचलपूरहून ती अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापुरास येत असे. तेथें मुंबई-नागपूर हा रुंद रुळांचा मार्ग. डबे पुढें जाऊं शकत नसत; माल उतरवून पुन्हा भरावा लागे. पायथनच्या ॲपांचीहि आरंभीं हीच गत होती. एका सर्व्हरसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरवर जशाचा तसा चढत नसे. २००३ सालीं ‘डब्ल्यूएसजीआय’ नांवाचा करार पुढें आला: सर्व्हरनें मागणी कोणत्या रूपांत द्यावी आणि प्रोग्रॅमनें उत्तर कोणत्या रूपांत परत करावें, एवढेंच त्यांत ठरविलेलें आहे. रुळांचें माप एक झालें. मूर्तिजापूरची हमाली वांचली.

आतां क्लाऊडविषयीं. नांव ऐकून आकाशांतलें कांहीं असावें असें वाटतें. वस्तुतः तीं संगणकांनीं भरलेलीं थंड, पहारा असलेलीं गोदामें आहेत. ॲमेझॉन कंपनीनें मुंबईस असें केंद्र २०१६ च्या जूनमध्यें सुरू केलें, गूगलनें २०१७ सालीं. कापूस पिकविणारा शेतकरी स्वतःचें जिन घालीत नाहीं. जिनांत कापूस नेतो आणि जेवढा सरकला तेवढ्याचे पैसे देतो. क्लाऊडचा व्यवहार तसाच. मोझरीच्या ॲपाला तर तो फारच सोयीचा. कारण वर्षांतले बरेच महिने त्याकडे कोणी फिरकणार नाहीं आणि त्या थोड्या दिवसांत एकाएकीं झुंबड उडेल. गूगलनें २००८ च्या एप्रिलमध्यें ‘ॲप इंजिन’ पुढें आणलें तेव्हां त्यावर प्रथम पायथन ही एकच भाषा चालत असे. गिऱ्हाइकें वाढलीं कीं त्याच प्रोग्रॅमच्या आणखी प्रति आपोआप चालूं व्हाव्या, कमी झालीं कीं त्या बंद व्हाव्या, ही कल्पना त्यानें सामान्य लेखकाच्या हातीं दिली. कोणीच येत नसलें तर शेवटची प्रतहि झोंपी जाते. मग पहिल्या पाहुण्याला ती जागी होईपर्यंत थोडें थांबावें लागतें. एक व्यवहाराची गोष्ट मात्र येथेंच सांगितली पाहिजे. खर्चाची मर्यादा म्हणून जो आंकडा या कंपन्यांच्या पानावर भरतां येतो, तो ओलांडला कीं बहुधा नुसती सूचना येते. यंत्र थांबत नाहीं आणि बिल चालूंच राहतें.

तर त्या मुलीनें एक सांचा उतरवून घेतला. दहा मिनिटांत तिच्या स्वतःच्या संगणकावर ॲप चालूं झालें. नांव नोंदवितां येतें, आंत जातां येतें, पान सुबक दिसतें. तिला वाटेल, निम्में काम संपलें. खरोखर संपलेलें आहे काय? सांचा म्हणजे केवळ आयतें लिखाण नव्हे. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या प्रसंगासाठीं घेतलेल्या निर्णयांचें तें गाठोडें आहे. त्यांतले बहुतेक निर्णय चांगले असतात. परंतु तीन-चार असे असतात कीं, ते एकट्याच्या टेबलावर निरुपद्रवी आणि गर्दींत घातक. हे निर्णय चुकून झालेले नाहींत. नवशिक्याला पहिल्या दहा मिनिटांत यश दिसावें म्हणूनच ते तसे घेतलेले असतात, आणि म्हणूनच ते सहजीं ध्यानांत येत नाहींत.

पहिला निर्णय किल्लीचा. माणूस एकदां आंत आला कीं ॲप त्याच्या ब्राउझरला एक चिठ्ठी देतें. पुढच्या प्रत्येक वेळीं तीच चिठ्ठी दाखवून ओळख पटते. चिठ्ठीवर गुप्त किल्लीनें मोहोर उठविलेली असते. सांचा ताबडतोब चालावा म्हणून पुष्कळ सांच्यांत ही किल्ली आयतीच लिहून ठेवलेली असते, आणि सांचा तर हजारों लोकांनीं उतरवून घेतलेला. ज्याला ती किल्ली ठाऊक आहे तो वाटेल त्या नांवाची, अगदीं व्यवस्थापकाच्या नांवाचीहि, खरी मोहोर असलेली चिठ्ठी तयार करूं शकतो. सारे आलेले-गेलेले, त्यांचे फोन नंबर, त्याच्यापुढें उघडे. जँगो प्रत्येक नव्या कामास वेगळी किल्ली घडवून देतें, आणि २०२१ पासून तिच्या आरंभीं ‘असुरक्षित’ अशा अर्थाचा शब्दहि जोडतें, म्हणजे ती बदलावयाची राहिली असल्यास ध्यानांत यावें. किल्ली लिखाणांत नसावी, भाड्याच्या संगणकावर वेगळी सांगावी, ही रीत. कित्येकजण किल्ली फाइलींतून पुसतात आणि निर्धास्त होतात. पण ‘गिट’ या साधनांत प्रत्येक जुनी प्रत जपलेली असते; वहींतलें पान फाडलें तरी कार्बनची प्रत शिल्लक. एकदां बाहेर पडलेली किल्ली पुसावयाची नसते, बदलावयाची असते.

दुसरा निर्णय तपासणीच्या पानाचा. लिहितांना चूक झाली तर ती कोठें झाली हें सविस्तर दाखविणारें एक पान सांच्यांत चालूं ठेविलेलें असतें. लिहिणाराला तें वरदान. परक्याला तें घराचा नकाशा. त्यांत फाइलींचीं नांवें, लिखाणाच्या ओळी, त्या क्षणीं हाताळल्या जाणाऱ्या किंमती दिसतात. फ्लास्कबरोबर येणाऱ्या तपासणीच्या पानावरून तर सर्व्हरवर आज्ञाहि चालवितां येतात; त्यास पिनचें कुलूप आहे, पण कुलुपाच्या भरंवशावर दार रस्त्यावर उघडावयाचें कारण नाहीं. जँगोच्या फाइलींत त्या ओळीच्या डोक्यावर स्पष्ट ताकीद छापलेली असते. ती वाचली जात नाहीं, हा दोष जँगोचा नव्हे.

तिसरा निर्णय सर्वांत फसवा, आणि मोझरीच्या ॲपाच्या तो थेट गळ्याशीं येतो. सांचा साधा राहावा म्हणून त्यांतील डेटाबेस बहुधा ‘एसक्यूलाइट’चा, म्हणजे त्याच फोल्डरांतील एक फाइल असतो. जँगोचाहि आरंभींचा डेटाबेस हाच. घरच्या संगणकावर तो उत्तम. पण क्लाऊडच्या अनेक सोयींत प्रोग्रॅमची डिस्क क्षणिक असते: प्रोग्रॅमची नवी प्रत चढविली, किंवा जुनी बंद होऊन पुन्हा सुरू झाली, कीं डिस्क पूर्वीसारखी कोरी. २००८ च्या ॲप इंजिनांत तर प्रोग्रॅमला डिस्कवर लिहूंच देत नसत. तो कडकपणा त्या वेळीं लोकांना जाचला, पण प्रामाणिक होता. आज लिहूं देतात आणि मागाहून पुसून टाकतात. घरमालकांनीं दिलेलीं खोल्यांचीं छायाचित्रें सोमवारीं दिसतील आणि मंगळवारीं नाहींशीं होतील.

याहून वाईट प्रकार गर्दीच्या दिवशींचा. मागणी वाढली म्हणून क्लाऊडनें त्याच ॲपच्या तीन प्रति चालूं केल्या असें धरावें. प्रत्येकीची डिस्क वेगळी, म्हणून डेटाबेसची फाइलहि वेगळी. पहिली प्रत अकोल्याच्या कुटुंबाला खोली देते. दुसऱ्या प्रतीच्या वहींत ती खोली अजून रिकामीच, म्हणून ती यवतमाळच्या कुटुंबाला देते. रात्रीं नऊ वाजतां दोन्ही कुटुंबें, सामानसुमान आणि म्हाताऱ्या माणसांसह, एकाच दारांत उभीं. ॲपांत कोठेंहि चूक दिसत नाहीं. जें होऊं नये म्हणून ॲप लिहिलें, नेमकें तेंच घडलें, आणि तें सांच्यांतील एका ओळीमुळें.

यावर उपाय असा कीं डेटाबेस प्रोग्रॅमपासून वेगळा, सर्व प्रतींना सामाईक असा ठेवावा. ‘पोस्टग्रेस’ हा त्यासाठीं सर्वांना खुला आणि खात्रीचा. छायाचित्रेंहि स्वतंत्र सांठवणींत. परंतु एवढ्यानेंहि भागत नाहीं. दोन माणसांनीं एकाच क्षणीं विचारलें, दोघांनाहि ‘रिकामी आहे’ असें उत्तर मिळालें, आणि दोघांनींहि पुढच्या क्षणीं नोंद केली, तर? म्हणून ‘एक खोली, एक तारीख, एकच नोंद’ असा नियम डेटाबेसलाच घालून द्यावा लागतो. मग दुसरी नोंद तो स्वतःच नाकारतो, आणि ॲपनें त्या पाहुण्याला दुसरी खोली दाखवावयाची. हा नियम कोणत्याहि सांच्यांत आयता सांपडणार नाहीं. सर्वांना सारखें लागणारें जें, तें सांच्यांत असतें. मोझरीच्या खोल्यांचें खास असें त्यांत कांहीं असण्याचें कारणच नाहीं. सांच्यामुळें वांचलेले दोन आठवडे खर्च करावयाचे ते येथें. दुर्दैवानें बहुतेकांचे ते रंग आणि बटणें बदलण्यांत जातात.

महाराष्ट्रांतहि या क्षेत्रांत मोलाचें काम झालें आहे. मुंबईस ऋषभ मेहता यांनीं २००८ च्या सुमारास धंद्याचा हिशेब, माल, पगार इत्यादि सांभाळणारें ‘ईआरपीनेक्स्ट’ हें साधन पायथनमध्यें लिहावयास घेतलें. त्या कामाच्या ओघांत जे भाग सर्वत्र लागतात ते वेगळे काढून ‘फ्रापे’ ही चौकट तयार झाली. ती कोणासहि फुकट वापरतां येते, पाहिजे तशी बदलतां येते. तिच्या ‘बेंच’ या साधनाला नवें ॲप मागितलें कीं तें शाळेच्या दाखल्यासारखे प्रश्न विचारतें: नांव काय, वर्णन काय, प्रकाशक कोण, परवाना कोणता, आणि मग सारा फोल्डर मांडून देतें. पुढें ‘खोली’ या वस्तूला कोणकोणते रकाने आहेत हें पडद्यावर भरलें कीं डेटाबेसांतला तक्ता, भरावयाचा फॉर्म, कोणाला पाहण्याची व कोणाला बदलण्याची मुभा, हें सगळें त्यावरूनच उभें राहतें. आधीं सांचा ठरवून मग त्याला काम शोधलें असें झालें नाहीं. चालत्या कामांतून सांचा ओतला गेला. अशा सांच्यांत व्यवहारांतल्या अडचणी आधींच जिरलेल्या असतात. उलट बाजूहि आहे. चौकट जितकी मोठी, तितके तिचे निर्णय अधिक. फ्रापेनें मांडणी ठरविलेली आहे, डेटाबेसची मुख्य निवडहि केलेली आहे, आणि चार खोल्यांच्या नोंदीसाठीं एवढा वाडा घ्यावा कीं नाहीं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. फ्लास्कच्या झोंपडींत प्रत्येक खिडकी स्वतः बसवावी लागते, पण ती कोठें आहे हें अंधारांतहि कळतें.

सांचे नासतात, हेंहि सांगितलें पाहिजे. २००८ च्या सुमाराचे ॲप इंजिनचे सांचे पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचे होते. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं कायमची थांबली. हेरोकू या क्लाऊड कंपनीनें २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आपली फुकट सोय बंद केली, आणि ती गृहीत धरून लिहिलेले असंख्य धडे एका दिवसांत निरुपयोगी झाले. म्हणून सांचा निवडतांना त्यांत शेवटचा बदल केव्हां झाला, परवाना काय म्हणतो, आणि कंपनी बदलावयाची झाल्यास किती फाइली बदलाव्या लागतील, हें आधीं पाहावें. एकाच फाइलींत बदल करून भागत असेल तर तो सांचा विवेकानें लिहिलेला समजावा. त्यांत ज्या जोड-पुस्तकांची यादी असते, त्यांचे आवृत्ति-क्रमांकहि लिहिलेले असावे. नाहीं तर आज चालणारें ॲप कोणी हात न लावतां पुढच्या वर्षीं बंद पडतें.

मोझरीच्या त्या मुलीनें तिसऱ्या आठवड्यांत करावयाचें तें असें. नवी किल्ली घालणें, तपासणीचें पान बंद करणें, डेटाबेस वेगळा करणें. सांच्यांतील ज्या फाइलीचा उपयोग समजत नाहीं ती एकेक काढून ॲप चालतें कीं नाहीं पाहणें. अशानें सांचा लहान होतो आणि डोक्यांत बसतो. दोन मैत्रिणींना एकाच क्षणीं एकच खोली मागावयास सांगणें. डेटाबेसची राखीव प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणीं खरोखर उघडून पाहणें. न उघडलेली राखीव प्रत ही नुसती समजूत आहे. आणि खोल्यांची यादी कागदावर छापून गांवांत एका माणसाजवळ ठेवणें, कारण गर्दींत मोबाईलचें जाळें मंदावतें तेव्हां क्लाऊड कितीहि बळकट असला तरी त्याच्यापर्यंत पोहोंचतां येत नाहीं.

पुण्यतिथीचे दिवस सरले, माणसें आपापल्या गांवीं पोहोंचलीं, म्हणजे आणखी एक काम उरतें आणि त्यासाठीं कोणत्याच सांच्यांत बटण नसतें. नोंदींत शेकडों कुटुंबांचीं नांवें व फोन नंबर आहेत. माहिती ज्या कामासाठीं घेतली तें काम संपल्यावर ती पुसावी, असें २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानें घालून दिलें आहे. आणि माहितीच्या सुरक्षिततेंत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपयांची आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजासाठीं किती खोल्या कोणत्या दिवशीं लागल्या एवढे आंकडे ठेवावे, नांवें व नंबर काढून टाकावे, आणि राखीव प्रतींतूनहि काढावे. मग भाड्याचा मोठा डेटाबेस बंद करून लहान घ्यावा. ॲपची शेवटची प्रत आपोआप झोंपी जाईल.